कोणतं कार्ड भारी?

"दोन्हींतलं भारी कुठलं, एवढंच सांग, उस्ताद," असं म्हणत अबू गैथने दोन लॅपटॉप दुकानात सरमदच्या टेबलावर ठेवले. एक काळा, विटेसारखा जाडजूड. दुसरा रुपेरी, पातळ. ठेवणाऱ्या हातांची बोटं सांध्यांवर सोलली होती आणि जखमा अजून ओल्या होत्या.

"हाताला काय झालं?"

"भिंतीवर मारला."

सरमदने लॅपटॉप जवळ ओढले. बगदादच्या या कॉम्प्युटरच्या रस्त्यावर तऱ्हेतऱ्हेची गिऱ्हाइकं येत.

"गेमसाठी हवाय?"

"एक व्हिडिओ आहे. धुरकट. त्यातला चेहरा साफ करायचाय. ज्याच्यावर होईल तो ठेवणार, दुसरा ज्याचा त्याला परत."

"कशाचा व्हिडिओ?"

"माझ्या भावाला मारतात त्याचा."

सरमदने चहा मागवला. अबू गैथने त्याला हात लावला नाही. खिशातून पेन ड्राइव्ह काढून त्याने टेबलावर सरकवला आणि समोरच्या खुर्चीत बसला.

सरमदने तो आपल्या कॉम्प्युटरला लावला आणि जागा लगेच ओळखली. याच रस्त्यामागची, गाड्या लावायची मोकळी जागा. कुणाच्या तरी गोदामाच्या कॅमेऱ्याने टिपलेलं. एक तरुण गाडीतून उतरतो, मागच्या गाडीवाल्याशी हुज्जत घालतो. मागचा आपल्या डिकीतून चाक खोलायचा पाना काढतो. पहिला घाव कानावर. तरुण गुडघ्यावर येतो, दोन्ही हात वर करतो, काहीतरी विनवतो. दुसरा घाव त्या हातांवर. तो आडवा पडल्यावरही पाना वरखाली होत राहतो, कणीक कुटावी तसा. मग मारणारा मान वर करतो. चेहऱ्याच्या जागी नुसता राखाडी डाग.

"मुहन्नद नाव त्याचं," अबू गैथ म्हणाला. "आईने मयताला आंघोळ घालायचा हट्ट धरला. मी तिला आत जाऊ दिलं नाही. डोकं उरलंच नव्हतं."

"अल्ला त्याला जवळ करो. पोलीस काय म्हणतात?"

"पोलिसांना डाग दिसतो. मला माणूस पाहिजे."

"सापडला तर?"

"पाना आणून ठेवलाय."

सरमदने मान हलवली आणि कामाला लागला. खरं तर त्याला चाचणीची गरज नव्हती. रुपेरीतलं ग्राफिक्स कार्ड नव्या नंबरचं होतं, पण पातळ लॅपटॉपात कार्ड तापेल म्हणून त्याला वीज बेताचीच मिळते. काळ्यातलं जुनं, पण पोटभर वीज खाणारं आणि दुप्पट मेमरीचं. चेहरा साफ करायचा तर काळाच. तरी गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी त्याने आधी काळा चार्जरला लावला, पडदा आपल्याकडे वळवला आणि प्रोग्राम सुरू केला.

पंखा भणभणू लागला. डाग विरघळायला लागला. आधी हनुवटी आली. मग ओठ. मग डावी भुवई, मधोमध तुटलेली.

लहानपणी गच्चीवरून पडून फुटलेली भुवई. ऐसर. त्याचा धाकटा भाऊ.

ऐसर टॅक्सी चालवायचा. संध्याकाळी सरमदला घरी न्यायला मागच्या त्याच जागेत येऊन थांबायचा. रस्त्यावर तो कधी येत नसे. एकदा तो रक्ताने भरलेल्या शर्टात आला होता. अपघातातल्या माणसाला दवाखान्यात पोचवलं म्हणाला होता. सरमदने त्याची पाठ थोपटली होती. घरी जाऊन शर्ट स्वतः भिजत घातला होता.

सरमदने स्वतःच्या चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही. टेबलाखाली पायाच्या अंगठ्याने चार्जरची पिन ओढली. बॅटरीवर आलं की असल्या कार्डाचा जीव निम्मा होतो. चित्र अडखळलं, थांबलं. त्याने ते पुसून टाकलं आणि पडदा अबू गैथकडे वळवला.

"बघा, अडकला. दिसायला पहिलवान, आत दम नाही. जुना माल."

मग त्याने रुपेरीवर तेच काम लावलं, पण हलक्या पद्धतीने. ते भराभर झालं. चेहऱ्याच्या जागी पिठाचा गोळा आला. नाक नाही, डोळे नाहीत.

"हाच ठेवा. नवा आहे, पळतो. पण एक सांगतो, अबू गैथ. मूळ चित्रातच काही नाहीये. याहून साफ कुठलंच कार्ड करणार नाही."

"नक्की?"

"माझ्या आईची शपथ."

अबू गैथने त्या गोळ्याकडे एकदा पाहिलं. मग उठला. त्याने काळा लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला आणि टेबलाच्या कडेवर आपटला. पुन्हा आपटला. बटणं उडाली, चहाचा पेला फुटला. खाली टाकून तो टाचेने त्याचा चुरा करत राहिला. त्याच्या बोटांतून रक्त ठिबकत होतं.

सरमदने त्याला अडवलं नाही. प्रत्येक तुकड्यासरशी त्याच्या छातीवरचं ओझं उतरत होतं. आता ती भुवई कुणाला दिसणार नाही, असं त्याला वाटलं.

धापा टाकत अबू गैथ दाराशी गेला आणि त्याने शटर खाली ओढलं. बाहेरचं ऊन, जनरेटरचा आवाज, सगळं एकदम तुटलं. लोकांसमोर रडायचं नसेल बिचाऱ्याला, असं सरमदला वाटलं. तो पाण्याचा पेला घेऊन जवळ गेला.

"रडून घ्या, अबू गैथ. इथं कुणी बघत नाही."

अबू गैथने त्याची मानगूट धरली, त्याला टेबलापाशी ओढत नेलं आणि तोंड टेबलावर आदळलं. दात तुटला. सरमदचं तोंड रक्ताने भरलं. वर उचलून त्याने ते पुन्हा आदळलं, मग तिथेच दाबून धरलं आणि त्याच्या कानाशी वाकला. आवाज अगदी शांत होता.

"चेहरा मी परवाच पाहिलाय, उस्ताद. याच काळ्यावर. ओळखीचा निघाला नाही. म्हणून तेव्हापासून दुकानादुकानांत हाच प्रश्न विचारत फिरतोय, आणि सगळ्यांनी चेहरा साफ करून दाखवला, म्हणाले, काळा भारी. रुपेरी म्हणणारा तू पहिलाच. आता नाव सांग."