वापर नसलेली बाथरूम

भिंतीवरचा ओला डाग पेन्सिलीच्या रेषेबाहेर बोटभर सरकला होता. श्यामलाताईंनी त्याच्या कडेने नवी रेष ओढली. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेलं. नुसत्या नजरेवर त्यांचा विश्वास बसत नसे.

डाग त्यांच्या मुलाच्या, केदारच्या खोलीत होता. भिंतीपलीकडे त्याची बाथरूम. हिंजवडीहून परतताना अपघातात केदार गेला, तेव्हापासून ती बंदच होती. त्याच्या साबणाची वडी तिथेच होती, वाळून तडकलेली. शेजारच्या विमलाबाई अधूनमधून म्हणत, "परीक्षांची तयारी करणारी पोरं खोलीसाठी अख्खी सदाशिव पेठ पालथी घालतात हो. आणि तुमची एक रिकामी आहे." श्यामलाताई म्हणत, "बघू." विषय तिथेच संपे.

आधी त्यांना वरच्या मजल्याचा संशय होता. पण वरची मंडळी गावाला गेली, तरी डाग वाढला. मग त्यांचे पती श्यामसुंदर बहिणीकडे नाशिकला गेले, आणि डाग चक्क आक्रसला. ते आले, डाग पुन्हा पसरला. योगायोग, म्हणून त्यांनी ते निरीक्षण बाजूला ठेवलं होतं.

आज प्लंबर आले होते, उत्तरेश्वर. त्यांनी खोलीच्या बाजूने गिलावा फोडून पाइप उघडा केला आणि फडक्याने पुसून घेतला. श्यामलाताईंनी आधी बाथरूममधला खालचा नळ सोडायला लावला. पाइप कोरडाच राहिला.

"आता शॉवर सोडा."

वरच्या सांध्याशी पाण्याचा एक थेंब जमला. फुगला. खाली पडला. त्यामागून दुसरा.

"सापडलं," उत्तरेश्वर म्हणाले. "सांधा सडलाय. शॉवर सोडल्याशिवाय ह्या पाइपात पाणी चढतच नाही. तुमच्याकडे रोजचा वापर असणार."

"ही बाथरूम कुणीच वापरत नाही."

"मग भिंतीला काय घाम फुटतो का, बाई?"

श्यामलाताईंनी मागे वळून पाहिलं. दारात श्यामसुंदर उभे होते. वाचून झालेला पेपर त्यांनी पुन्हा उघडला.

"अहो?"

"तू सकाळी फिरायला जातेस ना," ते पेपराआडून म्हणाले, "तेव्हा सोडतो थोडा वेळ. आत नाही थांबत. दार ओढून घेतो आणि बाहेर खुर्चीवर बसतो."

श्यामलाताईंना सकाळचा तो जुना गोंधळ आठवला. आत केदारचा न संपणारा शॉवर. बाहेर हे दारावर थापा मारताहेत, "अरे, आंघोळ करतोयस की खडकवासला रिकामं करतोयस?"

"आता दार वाजवत नाही मी," श्यामसुंदर म्हणाले. "करू दे म्हटलं, किती वेळ करायची ती."

उत्तरेश्वरांनी जाऊन शॉवर बंद केला. सांध्यावरचा शेवटचा थेंब बराच वेळ लोंबकळत राहिला. ते परत येऊन खाली बघतच म्हणाले, "वापर नसेल, तर खालूनच बूच मारून टाकतो. पुन्हा ओल येणार नाही. नाहीतर नवा सांधा बसवावा लागेल. काय करू?"

"मारा बूच," श्यामसुंदर म्हणाले. पेपराची घडी त्यांना नीट घालता येईना.

श्यामलाताई बाथरूममध्ये गेल्या. तडकलेली वडी त्यांनी उचलली, क्षणभर मुठीत धरली आणि पदराच्या टोकात बांधली.

"नवा सांधा बसवा," बाहेर येत त्या म्हणाल्या.

मग जिन्याकडचं दार उघडून त्यांनी शेजारी हाक मारली, "विमलाबाई, खोली द्यायची आहे. फक्त मुलगा आंघोळीला वेळ लावणारा बघा."