ठकीची पाठवणी

"एकदा दिलेली लेक परत मागू नये हो!" लहानपणी बाहुला-बाहुलीच्या लग्नात आत्यानं दटावलेलं. तेव्हापासून द्वारकाबाईंची लाकडी ठकी मैत्रिणीच्या, चंपूच्या घरीच नांदत होती.

दोघींचे केस पिकल्यावर चंपूनं ती दुरुस्तीला आणली. जुन्या बाहुल्यांना नवं रूप द्यावं ते द्वारकाबाईंनीच. त्यांनी लाकडाचा भुसा डिंकात कालवून फुटकं नाक घडवलं, गालांवर जास्वंद फुलवली, पैठणीच्या तुकड्याचं लुगडं नेसवलं. काम संपलं, तरी निरोप धाडेनात. आधी नथ राहिली, मग पैंजण.

"विहीणबाई, सून पाठवता की नाही?" शेवटी चंपूच दारात हजर.

द्वारकाबाईंनी रीतीनं ठकीची ओटी भरली, पण हात सुटेनात.

"नाही पाठवत," त्या म्हणाल्या. "मला तेव्हाही द्यायची नव्हती गं. आत्याच्या धाकानं गप्प बसले."

चंपू खळखळून हसली. "मग माझा बाहुलाही ठेवा इथंच, घरजावई म्हणून!"