पाण्याकडची खिडकी

शेवटची बादली हवेतच लटकत राहिली. खालून मुकादम वॉकीटॉकीवर ओरडला, काँक्रीट काय वाळत घातलंयस का? क्रेनवाल्याने बादली हळूच गच्चीवर उतरवली. खाली टाळ्या वाजल्या. पाण्याकाठच्या रांगेतला सगळ्यात उंच टॉवर पुरा झाला होता. आता क्रेनवाल्याला घरी जाऊन आईची खाट हलवायचा विषय काढायचा होता.

साइटवर त्याला सगळे घार म्हणत. वरून त्याला अख्खा किनारा दिसे, पण नजर फिरून फिरून मागच्या जुन्या इमारतीवर जाई. तिथे तिसऱ्या मजल्यावर त्याचं घर होतं. खिडकीशी खाट, खाटेवर आई. कंबर मोडल्यापासून ती उठली नव्हती. दोन टॉवरांमधल्या फटीतून तिला पाण्याची एक पट्टी दिसायची आणि तेवढ्यावर तिचा दिवस निघायचा. एखादी होडी गेली तर संध्याकाळी तिचं साग्रसंगीत वर्णन ऐकावं लागे. पट्टी झाकू नये म्हणून तिने खिडकीचा नारिंगी पडदासुद्धा काढायला लावला होता.

मग त्या फटीतच टॉवर उभा करायचं ठरलं आणि काम आलं नेमकं त्याच्याच वाट्याला. त्याने मुकादमाच्या विनवण्या केल्या, दुसरी साइट मागितली. मुकादम म्हणाला, दुसरीकडे क्रेनच नाही. काम सोडलं तर घरातली चूल कशी पेटणार? आईला त्याने सांगितलं, शहराच्या दुसऱ्या टोकाला एका गोदामात काम लागलंय. बायकोलाही तसंच बोलायला लावलं. पाचवा स्लॅब भरला त्या दिवशी पाणी दिसेनासं झालं. आपल्याच हाताने आपण आईची खिडकी बुजवली, हे काही त्याच्या मनातून जाईना.

नवल म्हणजे आई त्याबद्दल चकार शब्द बोलली नाही. फक्त खाट हलवू देईना. सून म्हणायची, तिथे आता नुसती भिंत आहे, दिवसभर सिमेंटची धूळ येते, खाट आत घेऊ. आई हटून बसली. उलट खाट खिडकीला आणखी चिकटवून घेतली. टॉवर वाढत गेला तशी तिने एक उशी काढायला लावली, मग दुसरीही. मान दुखते म्हणाली. म्हातारपणाचा हेका म्हणून दोघांनी सोडून दिलं. तो मात्र धरून चालला होता की ती पाण्यासाठी झुरतेय. घरात तो तिच्या नजरेला नजर देत नसे.

आज तो उजेड असतानाच घरी आला. काम संपलं होतं, आता खाट हलवायचीच, असं ठरवून आला होता. त्याने खाटेचा पाय धरला. आईने खिडकीचा गज घट्ट पकडला.

“सोड ना आई. काय राहिलंय तिथे बघायला?”

आई वर बघत राहिली. तो वाकला आणि तिच्या डोक्याला डोकं लावून त्यानेही वर पाहिलं. भिंत वर वर गेली होती. भिंतीच्याही वर क्रेनची केबिन होती, काडेपेटीएवढी. दुपारचं ऊन डोळ्यांवर येतं म्हणून त्याने काचेला आतून काहीतरी टांगलं होतं, घरात पडून असलेलं. इतक्या दिवसांत त्याला त्याचा विसरच पडला होता. त्या करड्या आभाळात तेवढाच एक ठिपका नारिंगी होता.

आईने गज सोडला आणि त्याच्या मनगटावर हात ठेवला.

“क्रेन उतरवतील तेव्हा आपला पडदा तेवढा आठवणीने घेऊन ये,” ती म्हणाली. “तो लाव खिडकीला. मग सरकव खाट, कुठे सरकवायची ती.”