चुकणारा ठोका

दुपारी तीन वाजता ऋजुता रिकाम्या क्लबमध्ये डीजेच्या परीक्षेचा सराव करत होती. हल्ली प्रत्येक नाचणाऱ्याच्या मनगटावरचा पट्टा त्याच्या हृदयाचे ठोके डीजेच्या हेडफोनमध्ये पोचवत असे आणि ते ऐकूनच गाण्याचा वेग ठरवावा लागे. सरावासाठी यंत्रात जुन्या कार्यक्रमांची गर्दी साठवलेली होती. गाणं बदललं, की त्या गर्दीचे ठोकेही खऱ्यासारखे बदलत.

"एकशे चाळीसपर्यंत चढव," शिकवणारे पिंटोसर म्हणाले.

तिनं वेग वाढवला. दोनशे हृदयं धावू लागली. त्यांतलं एक मध्येच ठोका चुकवून मग दोन घाईघाईनं टाकत होतं. तिचा हात थबकला. सहा वर्षं ती याच छातीवर कान ठेवून झोपली होती. याच हृदयानं दीड वर्षापूर्वी सौमित्रला दगा दिला होता.

"सर, यात माझा नवरा आहे."

सर जवळ आले. "ऋजुता, ही नुसती नोंद आहे. तू वेग चढवलास, तरी त्याला आता काही होणार नाही."

"माहीत आहे."

तरीही तिनं आधी गाण्यातले ढोल काढले, मग वेग हळूहळू उतरवत नेला. हेडफोनमधली बाकीची गर्दी कंटाळून पांगली. पडद्यावर 'नापास' उमटलं. तो एक ठोका मात्र संथ, सलग पडू लागला. ती बराच वेळ ऐकत राहिली. सरांनी घाई केली नाही.

शेवटी तिनं स्वतःच यंत्र बंद केलं.

"उद्या दुसरी गर्दी लावा, सर," डोळे पुसत ती म्हणाली. "तिला चढवीन मी."