लालबागेतलं मोंतेरूना

“मनोरा डावीकडे कलव, कुशाबा. तीन बोटं. मोंतेरूनात सरळ मनोरा नाहीच.”

“अरे गंग्या, कलवलेला मनोरा बाप्पाच्या अंगावर आला, तर मंडळवाले माझंच विसर्जन करतील!”

गंगाधर हसला नाही. हातातला फोटो पुढे धरून तसाच उभा राहिला. शेवटी कुशाबानंच दोन शिव्या हासडून पाचर ठोकली.

लालबागच्या त्या गल्लीतलं मंडळ खरं तर यंदा राजवाड्याचा देखावा करणार होतं. गंगाधरनं सभेत हट्टाला पेटून इटलीतलं हे टीचभर गाव मंजूर करून घेतलं. त्याचा मुलगा वैभव तिथल्या हॉटेलात आचारी. अंबिकावहिनींना लेकाचं गाव एकदा डोळ्यांनी बघायचं होतं, आणि त्यांचं हृदय असं दमलेलं, की डॉक्टर विमानाचं नाव काढू देत नव्हते. पुढच्या गणपतीपर्यंतची खात्रीही कुणी देत नव्हतं.

“ती जाऊ शकत नाही ना? मग गाव इथे आणू,” गंगाधर म्हणाला होता. कुशाबा मंडळाचा जुना सजावटकार आणि त्याचा बालमित्र. नाही म्हणतो कसा?

गंगाधर स्वतः गेल्या वर्षी एकटाच तिकडे जाऊन आला. महिनाभरासाठी म्हणून गेला आणि दहाव्या दिवशी परतला, तोही चाळीस वर्षांची झुपकेदार मिशी घालवून. “न्हाव्याला मराठी येईना, मला इटालियन. खुणेनं म्हटलं, थोडी काप. पठ्ठ्यानं भात कापावा तशी साफ कापली!” अख्खी चाळ पोट धरधरून हसली होती. तेव्हापासून त्या गावाचा इतिहास त्याच्या जिभेवर. वैभवचे मेसेजही त्याच्याच मोबाईलवर येत. जेवायला बसण्याआधी तो ते वहिनींना वाचून दाखवी.

चतुर्थीच्या आदल्या दुपारी शेजाऱ्यांनी वहिनींना खुर्चीत बसवून दुसऱ्या मजल्यावरून खाली आणलं. प्लायवूडच्या गावात गंगाधर पुढे, वहिनी त्याचा हात धरून मागे, त्यांच्यामागे कुशाबा.

“ही वेस. आठशे वर्षांची. शत्रू आला की वरून उकळतं तेल ओतायचे.”

“मेल्यांनी वाया घालवलं! केवढे वडे झाले असते त्यात.”

“हे कारंजं. भूकंपात सगळं गाव आडवं झालं, पण याचं पाणी थांबलं नाही. ही चर्चची चढण. पायऱ्या एकोणपन्नास. इथे जागा नाही म्हणून कुशाबानं नवावर भागवलंय.”

“मोजल्यात तुम्ही?”

“मोजल्या.”

“आणि ते निळं दार?”

“वैभवचं हॉटेल. मागच्या बाजूला त्याची खोली.”

वहिनींनी दारावरून हात फिरवला. रंग ओला होता. पाचही बोटं निळी झाली. त्यांनी ती पुसली नाहीत. गंगाधर एकदम म्हणाला, “पाणी आणतो तुला,” आणि वेशीतून भराभर बाहेर गेला.

कुशाबाला भरून आलं. दोन महिने बांबू, पुठ्ठा आणि प्लॅस्टरशी घेतलेली झटापट सार्थकी लागली होती.

“वहिनी, काही राहिलं असलं तर आत्ताच सांगा. बाप्पा बसायच्या आत करून टाकतो.”

वहिनींनी आधी वेशीकडे पाहिलं. गंगाधर अजून आला नव्हता.

“सगळं झालं, भावजी. फक्त वैभवला शेवटचं कुठल्या रस्त्यानं नेलं, तेवढं त्यांच्याकडून काढून घ्या. माझं नाव मात्र सांगू नका हां. मला काही ठाऊक नाही, एवढ्यावरच उभा आहे तो माणूस.”