उजवा हात

"नव्या नवरीने वर्षभर चुडा काढायचा नाही, म्हणजे नाही," सासूबाईंनी सकाळीच वृषालीला बजावलं होतं. लग्नासाठी थांबलेला तिचा गुरांच्या उपचाराचा कोर्स सोमवारपासून पुन्हा सुरू होणार होता, आणि तिथे हातात काहीही चालणार नव्हतं.

दुपारी गाय अडली. वासराचा एकच पाय बाहेर आलेला. फोनवर गुरांचे डॉक्टर ओरडले, "दुसरा आत मुडपलाय. माझी वाट बघू नकोस. कोर्सला शिकवलंय तसा खूर मुठीत झाकून सरळ कर. पण बांगड्या काढ! आत काच फुटली तर गाय हातची जाईल."

वृषालीने सासूबाईंकडे पाहिलं. त्या गाईकडे बघत होत्या. गाय आता कण्हतही नव्हती.

त्यांनी साबण आणला, सुनेचा उजवा हात ओढून घेतला आणि एकेक बांगडी उतरवून पदरात टाकली.

हात कोपरापर्यंत आत गेला. खूर सापडला, निसटला, पुन्हा सापडला. वासरू गवतावर घसरलं, क्षणभर निपचित पडलं आणि शिंकलं.

हात धुऊन वृषालीने तो बांगड्यांसाठी पुढे केला. सासूबाईंनी पदराला गाठ मारली.

"डाव्या हातातल्या राहू देत. उजवा हात आता गुरांचा."