राजाचा डावा हात

मराठवाड्याचा इतिहास यापुढे हिंगणवाडीपासून सुरू होईल, असं प्रा. धर्मराज गव्हाणे यांनी मंडपात जाहीर केलं आणि त्याच क्षणी भोंगा बंद पडला. त्यामुळे इतिहास पहिल्या तीन रांगांपुरताच सुरू झाला.

पहिल्या रांगेत, आमदारकीवर डोळा ठेवून असलेले सुंदरराव होते. शेजारी किराणा दुकानदार मन्मथप्पा. राजाची समाधी त्यांच्यामुळे सापडली, असं पत्रिकेत छापलं होतं. त्यांनी गळ्यातला हार काढून मांडीवर ठेवला होता आणि ते बाहेर उभ्या असलेल्या जीपकडे बघत होते. जीपमध्ये गवताच्या पेंढ्यांत राजा बसला होता.

हे सुरू झालं सडकेपासून. गावात एसटीडीचा बूथ आला, त्याच साली बायपासही मंजूर झाला. मोजणीवाल्यांनी लिंगायतांच्या दफनभूमीत लाल खुंट्या ठोकल्या. गावात लिंगायतांची घरं तीन. त्यांच्यात जाळत नाहीत. माणसाला खड्ड्यात मांडी घालून बसवतात, हातात लिंग देतात, मीठ-विभूती टाकून माती लोटतात.

मन्मथप्पा सुंदररावांकडे गेले.

"आमची सात पिढ्यांची माणसं बसल्यात तिथं."

"आप्पा, तीन घरांची मतं किती? अकरा. सडकंला दोन हजार लोक हायत."

मग मन्मथप्पा तालुक्याच्या कॉलेजात गेले. तिथे गव्हाणे सर बावीस वर्षं नागदेव राजाची समाधी शोधत होते. एका ताम्रपटात तेवढीच एक ओळ होती: राजा नदीच्या दक्षिण तीरावर शिवात विलीन झाला. नदीला दक्षिण तीर बराच होता.

"आमच्या दफनभूमीत एक राजा बसलाय, असं जुने लोक म्हणायचे," मन्मथप्पा म्हणाले.

सरांचा चहा बशीत सांडला.

"सर, राजा निघाला तर सडक जाणार न्हाई ना तिथून?"

"सरकार खडासुद्धा हलवणार नाही."

सर गावात आले, ते रुद्राणी किराणा भांडाराच्या माडीवरच उतरले. दुकानाला देवीचं नाव दिलेलं त्यांना आवडलं. बाकी दुकान विचित्र होतं. साखर, डाळ, तेल, सगळा माल गल्ल्याच्या उजव्या हाताला. डावी भिंत रिकामी.

"असं का हो?"

"पयल्यापासून तसंच मांडलेलं हाय," मन्मथप्पा म्हणाले. "आता हात बसलाय."

मन्मथप्पांनी कोपऱ्यातल्या बाभळीखालचा उंचवटा दाखवला. गावचा कोतवाल हनुमान आठ दिवस खोदत होता. खापराचे तीन तुकडे निघाले आणि एक तंबाखूचा डबा. डबा नागदेवाचा नसावा, असं सरांचं मत पडलं.

पण सर चौकस होते. मन्मथप्पा दर सोमवारी सकाळी बेलाची पानं घेऊन दफनभूमीत जातात, आणि बाभळीकडे ढुंकूनही बघत नाहीत, हे त्यांनी हेरलं. बाकीच्या रांगा सोडून, लांब, एकट्या कडुलिंबाखाली ते पानं ठेवत. विचारलं तर म्हणाले, "घरची रीत हाय."

सरांना रात्रभर झोप आली नाही. लोकस्मृती तोंडाने फसवते, पायांनी नाही, हे वाक्य त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं.

मंगळवारी मन्मथप्पा माल आणायला सिरसाळ्याला गेले होते. सरांनी लिंबाखाली चुन्याने चौकोन आखला.

"इथं नगं, सर," हनुमान म्हणाला.

"का?"

"आप्पाला येऊ द्या."

सरांनी दुप्पट मजुरी देऊ केली. हनुमान नाही म्हणाला, तेव्हा सुंदररावांनी स्वतः येऊन त्याला कोतवालकीची आठवण करून दिली. त्याने खोदलं. मजुरीचा मात्र एक पैसाही घेतला नाही. सरांना ते इतिहासप्रेम वाटलं.

मन्मथप्पा परतले, तेव्हा खड्ड्याभोवती गाव जमलं होतं. आत मांडी घातलेला सांगाडा, ओंजळीत लिंग.

"बांधा नाजूक, कधी कष्ट न केलेला," सर सांगत होते. "आणि हे बघा, डाव्या हाताचं हाड मोडून वाकडं जुळलंय. ढालीचा हात! रणात मोडलाय."

मन्मथप्पा खड्ड्याच्या काठावर बसले. हनुमान फावडं टाकून निघून गेला.

"आप्पा, बोला की! सापडला तुमचा राजा," सुंदरराव म्हणाले.

"राजाच ठरला, तर सडक टळली ना?"

"टळली समजा."

"मग राजाच हाय," मन्मथप्पा म्हणाले.

कार्बन चाचणीसाठी निधी मागितला होता. तो येईपर्यंत राजाला ताटकळत ठेवणं बरं दिसलं नसतं. म्हणून हा मंडप. भाषणं संपली, नारळ फुटला, जीप शहरातल्या संग्रहालयाकडे निघाली. मन्मथप्पा वेशीपर्यंत तिच्या मागे चालत गेले. लोकांना कौतुक वाटलं.

पंधरा दिवसांत खुंट्या परत ठोकल्या गेल्या.

"राजाच तिथं न्हाई राह्यला, तर जागा राखायची कावून?" सुंदररावांनी विचारलं. सर तोवर शोधनिबंध लिहायला बसले होते.

दिवाळीनंतर डांबर पडलं. पुढच्या सोमवारी मन्मथप्पा पहाटेच्या एसटीने शहरात गेले. संग्रहालयाच्या फाटकापाशी रखवालदार स्टुलावर बसला होता. त्याने आधी पिशवी बघितली. आत बेलाची पानं होती.

"कुणाकडं आलात, बाबा?"

"बायकोकडं. रुद्राणी नाव."

"या नावाचं कुणी कामाला नाही इथं."

"कामाला न्हाई. डावा हात अधू हाय तिचा, खडी फोडताना मोडलता. काचंत बसवलीय."

रखवालदाराने त्यांच्याकडे नीट पाहिलं, आणि मग फाटकावरच्या पाटीकडे बोट केलं. संग्रहालय सोमवारी बंद असतं.